तासाला अडीच मिनिटं

सातव्या फेरीला धाकटा खिडकीखाली आला आणि सवयीने त्याने उजवा हात वर केला. वर पहिल्या मजल्यावर स्टॉपवॉचचा खटका दाबला गेला असणार. तो आवाज रस्त्यावर पोचण्यासारखा नव्हता, पण गेली तीन वर्षे धाकट्याला तो दोन खांद्यांच्या मधोमध ऐकू यायचा.

"सहा चौदा," दादाचा आवाज मात्र खणखणीत खाली आला. "खांदे सोड. वाळत घातल्यासारखे काय धरलेस?"

धाकट्याने खांदे सोडले. उजव्या हाताला गोदामाची भिंत होती. आधी फाटक, मग वजनकाट्याची केबिन, मग कुणीतरी कोळशाने काढलेला तीन पायांचा घोडा, मग वळण, पाण्याचा नळ, आणखी वळणे, की समोर परत दादाची खिडकी. एक फेरी बाराशे मीटरची. हे अंतर दादानेच मोजलेले, सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून, ते चाक हाताने ढकलत, एकेक वेढा मोजत. त्याचे पाय चालत होते तेव्हाची गोष्ट. पुढे याच भिंतीला धाकटा घाण्याला जुंपल्यासारखा फिरेल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर दोघे भाऊ पोट धरून हसले असते. धाकट्याचे पोट तेव्हा धरण्याजोगे होतेही.

दहा फेऱ्या झाल्या. जिना चढून तो खोलीत आला तेव्हा दादा वहीत आकडे उतरवत होता. दादा पाट्या रंगवणारा. अंथरुणाला खिळला तरी हाताचे वळण गेले नव्हते. उशीला टेकून, मांडीवर फळी ठेवून तो लिहायचा, आणि आकडे असे बसवायचा की जणू ते कुणी रस्त्यापलीकडून वाचणार आहे.

"पाय," दादा म्हणाला.

धाकटा खाटेच्या कडेला बसला, मोजे काढले आणि पाय उचलून दादाच्या मांडीवर ठेवले. त्या मांड्यांना ओझे कळत नव्हते. दादाने चष्मा नाकावर ओढला, एकेक बोट फाकवून पाहिले, टाचेवरून अंगठा फिरवला.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही रे दादा. पाय आहेत ते, बाजारातली फळं नाहीत दाबदाबून बघायला."

"धावणाऱ्याचा पाय आणि तुझ्या घड्याळाचं चाक सारखंच. एक दाता झिजला की खेळ खलास." दादाने दुसरा पाय उलटा करून पाहिला. "काल रक्त तपासलंस ना? साखर किती आली?"

"एकशे अडतीस."

दादाने वही उलटी केली, शेवटच्या पानावर काहीतरी टिपले आणि पुन्हा सुलटी केली. तेवढ्यात धाकट्याची बायको पदराला हात पुसत आत आली. तिच्या दुसऱ्या हातात एक जाड पाकीट होते.

"भाऊजी, डोळे मिटा."

"या वयात डोळे मिटायला सांगू नये कुणाला."

"मिटा हो."

तिने पाकिटातून कापडाचा एक चौकोनी तुकडा काढला आणि दादाच्या फळीवर ठेवला. त्यावर मोठ्या काळ्या आकड्यांत तीन हजार एकशे सात असे छापले होते. चारही कोपऱ्यांना एकेक पिन टोचलेली.

"ह्यांचा फॉर्म भरला मी. दोन महिने झाले, तोंडातून चकार शब्द काढला नाही. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी शर्यत." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमचं दरवर्षी आपलं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी बूट जुने, मग म्हणालात ऊन फार, गेल्या वर्षी म्हणे गुडघा कच्चा. वहीत तर लिहिलंय की ह्यांचे बेचाळीस किलोमीटर तीन चाळीसमध्ये होतात. मग जगाला दाखवा की. वहीत ठेवून काय त्याला मोड येणार आहेत?"

दादा कापडाकडे पाहत राहिला. त्याने आकड्यांच्या कडांवरून बोट फिरवले, दुसऱ्या कारागिराचे काम तपासावे तसे.

"सात बरा काढलाय," तो म्हणाला. आणि कापड बाजूला सारून, "बरं केलंस."

एवढे बोलून त्याने तोंड खिडकीकडे वळवले. धाकट्याला वाटले, दादाला भरून आले असावे. त्याने स्वतः मात्र त्या कापडाकडे पाहणे टाळले आणि तो मोजे गोळा करायला वाकला.

*

धाकट्याचे दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत बसायचे ते मान मोडून, आणि उभे राहायचे ते बाहेर येऊन. दिवसभर डोक्यावरून लोक चढत-उतरत. निम्मी जागा किल्लीवाल्याची होती. दोघांच्या मध्ये एक फळी, आणि ती फळी बोलण्याला कधी आड आली नव्हती.

दुकानावर पाटी होती, तीवर लिहिले होते "घड्याळ दुरु". पुढची अक्षरे खडूने आखलेली, ती पावसापाण्याने केव्हाच पुसली गेली होती. चारेक वर्षांपूर्वी दादा शिडीवर चढून ही पाटी रंगवत होता आणि शिडी धरायचे काम धाकट्याचे होते. एक गिऱ्हाईक आले, धाकटा "आलोच" म्हणाला आणि आत वळला. तो वळला तेवढ्यात जे व्हायचे ते झाले. त्यानंतर "आलोच" हा शब्द त्याने कुणाला दिला नाही. पाटीही कुणाकडून पुरी करून घेतली नाही. गिऱ्हाइकांना अर्ध्यावरून कळायचे.

पडल्यावर वर्षभर दादा भिंतीकडे तोंड करून होता. ताट जसे जाई तसे परत येई. त्याच सुमारास धाकट्याला साखर निघाली. डॉक्टरांनी बजावले की चाला, नाहीतर वडिलांच्या वाटेने जाल. वडिलांचा एक पाय साखरेने नेला होता. उरलेल्या पायाचा एकच बूट बरीच वर्षे खाटेखाली होता. तेव्हा धाकटा धापा टाकत गोदामाला फेऱ्या मारू लागला. आठवडाभराने खिडकीतून आवाज आला, "पाय आपटतोस. जमिनीने तुझं काय वाईट केलंय?" दुसऱ्या दिवशी दादाने आपले जुने स्टॉपवॉच मागितले. ते बंद पडले होते, धाकट्याने एका रात्रीत चालू करून दिले. दादा एकदा मोठ्या शर्यतीत अकरावा आला होता, तेव्हापासूनचे ते घड्याळ.

मग वर्षभर वेळ कमी होत गेली आणि दादा माणसात येत गेला. दाढी करू लागला, धाकट्याच्या बायकोशी भांडू लागला. फेरी सहा तीसवर आली आणि तिथे अडकली. एक महिना, दोन महिने, तीन. धाकट्याचे वय झाले होते, त्यापुढे ते अंग जाणार नव्हते. मधे कंटाळून त्याने धावणेही सोडले. दादाने पुन्हा ताटातले अर्धे टाकायला सुरुवात केली. "मलाच शिकवता येत नाही," एवढेच एकदा म्हणाला.

घड्याळाच्या पोटात केसासारखी एक बारीक स्प्रिंग असते. ती जेवढी लांब सोडावी तेवढे घड्याळ सुस्त होते. एका दुपारी धाकट्याने तेल द्यायचे म्हणून स्टॉपवॉच दुकानात आणले, भिंग डोळ्याला लावले आणि स्प्रिंगची पिन सैल करून ती डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी सोडली. दुसऱ्या दिवशी वरून आवाज आला, "सहा बावीस!" दादा त्या दिवशी दोनदा जेवला. वर्षभर वेळ तिथून हलली नाही, तेव्हा धाकट्याने स्प्रिंग आणखी तेवढीच सोडली. सहा चौदा. आता ते घड्याळ तासाला अडीच मिनिटं मागे पडत होते. धाकटा मात्र होता तिथेच होता, सहा तीसवर.

चोराला चोरीपेक्षा सारवासारव जड जाते म्हणतात. दादाच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ धाकट्याने "सेल संपलाय" म्हणून काढले, ते दोन वर्षे दुकानात टांगलेले होते. बायको म्हणायची, "घड्याळजीचं घर, आणि माणसाला वाजले किती ते कळत नाही. दिव्याखाली अंधार तो हा." दादाकडे फोन नव्हता, कुणाला करायचाय, म्हणायचा. टीव्ही फक्त शर्यतीपुरता लागे, आणि तेव्हा धाकटा शेजारीच असे. आणि धावणाऱ्याने घड्याळ बघायचे नाही, हा तर दादाचाच कायदा. चारी बाजूंनी पक्के झाले होते. धाकट्याच्या लक्षात उशिरा आले की अशा जागेत आत येता येत नाही तसे बाहेरही जाता येत नाही.

शर्यतीत तर रस्त्यावर घड्याळे असतात. वेळ छापून येते. तीन चाळीसच्या जागी तीन पन्नास. दहा मिनिटे म्हणजे दमलो, पोट दुखले, यात बसणारी नव्हेत. दादाला सेकंदाचा हिशेब लागतो. तो वही काढेल, एकेक पान मागे जाईल, आणि त्याला कळेल की दोन वर्षे आपण माणूस घडवत नव्हतो, आपल्याला खेळवले जात होते. मग तो पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. या वेळी त्याला परत वळवायला काही उरलेले नसेल.

"काय रे, घड्याळाला काय डोळ्यांनीच चावी देतोस?" किल्लीवाला फळीपलीकडून म्हणाला. "घटका झाली, तेच एक धरून बसलायस."

धाकट्याने हातातले मनगटी घड्याळ खाली ठेवले.

"एक विचारू? समज, तू एक किल्ली चुकीची केलीस."

"कुलूप उघडतं ना तिने?"

"उघडतं."

"मग चुकीची कशी?"

"पण आता तीच किल्ली भलत्या दाराला लागणार असेल तर?"

किल्लीवाल्याने कानस थांबवली. धाकट्याकडे नीट बघितले.

"बाईचं प्रकरण आहे का?"

"नाही रे. या पोटावर कोण भाळणार?"

"आता कुठे पोट राहिलंय तुला. तेच तर म्हटलं." त्याने पुन्हा कानस चालवली. "हे बघ, किल्ली चुकली तर पहिल्याच दिवशी सांगावं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर माणूस विचारतो, काल का नाही बोललास. आणि वर्षाने सांगितलं तर तो किल्लीचं विचारतच नाही, तुझंच विचारतो."

डोक्यावरून कुणीतरी धाडधाड जिना उतरून गेले. धाकटा प्रत्येक पायरी मोजत राहिला.

संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने ठरवले. रविवारी टीव्हीवर मोठी शर्यत होती, दादा त्या दिवशी खुशीत असतो. शर्यत संपली की सांगून टाकायचे. जी काय शिवी, जो काय अबोला, तो आठ दिवस आधीच पदरात पडेल. त्याने बारीक चिमटा आणि भिंग कागदात गुंडाळून खिशात टाकले. म्हणजे सांगून झाल्यावर तिथेच, दादासमोर, स्प्रिंग जागेवर आणता येईल.

*

रविवारी दोघे खाटेवर शेजारी बसले. टीव्हीत कुठल्यातरी थंड गावाचे रुंद रस्ते दिसत होते, आणि त्यावरून सात-आठ जण असे धावत होते की त्यांच्या पायांना जमीन फक्त ओळखीपुरती लागत होती. दादाने छातीपर्यंत पांघरूण ओढले होते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होते.

"बघ, डोकं हलतंय का कुणाचं? डोक्यावर भरला पेला ठेव, थेंब सांडणार नाही," दादा म्हणाला. "आणि तू. तू धावतोस तेव्हा वाटतं, कुणीतरी पोतं घेऊन चाललंय."

"पोतं पन्नाशीचं आहे."

"तो मागचा, निळ्या बुटांचा, तो थकलाय. तोंडावर दाखवत नाहीये. अंगठा बघ, मुठीत गेलाय."

धाकट्याने पाहिले. अंगठा खरेच मुठीत गेला होता. दादाला असले काही सुटत नसे. खोटी पाटी आणि खरी पाटी तो म्हणे रंगाच्या वासावरून ओळखायचा. खिशातला चिमटा धाकट्याच्या मांडीला टोचला.

पण धाकट्याची नजर निळ्या बुटांवर नव्हती. सगळ्यांच्या पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बनियन घातलेला एक जण धावत होता. अशा शर्यतीत एकदोघे भाड्याने लावलेले असतात. त्यांनी तीस किलोमीटरपर्यंत ठरल्या वेगाने पुढे राहायचे, वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांना ओढत न्यायचे. जिंकायचे त्यांनी नसतेच. तीस झाले की ते रस्ता सोडतात. धाकटा प्रत्येक शर्यतीत त्या क्षणाची वाट बघायचा. तो माणूस हळूच कडेला होतो, दोन पावले चालतो, गुडघ्यांवर हात टेकतो, आणि चित्र पुढे निघून जाते. तो पुढे काय करतो ते कधीच दाखवत नाहीत. धाकट्याला वाटायचे, तो एखाद्या बाकावर बसत असेल. बुटाचे बंद सोडत असेल. कुणी त्याला विचारत नसेल, किती झाले म्हणून.

"आला तिसावा," दादा म्हणाला.

तेवढ्यात पडदा एकदा थरथरला. चित्र परत आले, पण कोपऱ्यातले घड्याळ गेले. निवेदक गोंधळला. काही तांत्रिक अडचण आहे, वेळ लवकरच दाखवू, असे काहीतरी म्हणाला. रस्त्यावर आडवी टाकलेली निळी पट्टी जवळ येत होती. पट्टेवाला तिच्यावरून गेला, एक नजर मागे टाकली आणि कडेला झाला.

"एक तास एकोणतीस," दादा म्हणाला. "चोख आणलं पोराने."

धाकट्याने मान वळवली. शर्यतीच्या भरात दादाचा हात पांघरुणातून बाहेर आला होता, आणि हातात स्टॉपवॉच चालू होते. ते कधीपासून चालू होते कुणास ठाऊक. बहुधा बंदुकीच्या आवाजापासून. त्याचा लहान काटा साठाचा एक वेढा पुरा करून पंचविसाच्या जरासा पुढे होता. म्हणजे एक तास पंचवीस. धाकट्याने नकळत हिशेब केला. तासाला अडीच, सव्वा तासाला तीन आणि वर थोडे, त्याच्या पुढच्या दहा मिनिटांचे आणखी थोडे. साडेतीन मिनिटे. एकोणतीस.

पडद्यावर घड्याळ परत आले. पट्टी ओलांडून सात सेकंद झाले होते. एक तास, एकोणतीस मिनिटे, सात सेकंद.

दादाने हातातल्या घड्याळाकडे पाहिले, मग धाकट्याकडे न पाहता हात पांघरुणाखाली नेला. धाकट्याला पुढचा सगळा रस्ता दिसत होता आणि काहीच दिसत नव्हते. तीन वर्षे दर महिन्या-दोन महिन्यांनी ते दोघे असेच बसून शर्यती पाहत आले होते. दर शर्यतीत पांघरूण छातीपर्यंत असे.

"भाऊजी, कुठवर आले हो?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारले.

"तीस झाले," दादाने ओरडून सांगितले.

"पुढच्या रविवारी आपले हे दिसतील का टीव्हीत?"

"मागून तिसरं वाहन बघ. त्याच्या मागे असेल."

ती हसली, भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. टीव्हीत आता पाचच जण उरले होते. पट्टेवाला केव्हाच मागे पडला होता.

"त्याची वेळ कुणी लिहीत नाही," दादा हलक्या आवाजात म्हणाला.

"कुणाची?"

"त्या पट्टेवाल्याची. शेवटाला गेलाच नाही, तर वेळ कुठून येणार?" दादाने पांघरुणाची घडी सारखी केली. "पुढच्या रविवारी तूही तिसाव्यापर्यंत जा. सहा तीसच्या चालीने जा. जास्त नको."

सहा तीस. धाकट्याने दोन वर्षांत हा आकडा कुणापाशी उच्चारला नव्हता, स्वतःशीसुद्धा नाही. त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिले. दादा शर्यत बघत होता.

"तिसाव्याला बाजूला हो. पोटरी धरली म्हणू. तिला मी सांगतो."

"आणि मग?"

"मग काय? सोमवारी आराम. मंगळवारपासून दहा फेऱ्या."

धाकट्याने खिशात हात घातला. कागदाची पुडी घामाने मऊ झाली होती. सांगायचे म्हणून जे शब्द त्याने आठवडाभर जुळवले होते त्यांना आता ऐकायला कुणी उरले नव्हते. ज्याला सांगायचे तो ते शब्द आधीच घेऊन बसला होता. रागवायला हवे, की हसायला, की दादाच्या पायांवर डोके ठेवायला, हे त्याला कळेना. त्या पायांना ते कळलेही नसते.

समोर फळीवर वही पडली होती. पंख्याच्या वाऱ्याने तिची पाने उलटत उलटत शेवटच्या पानावर येऊन थांबली. दादाच्या सुबक हातात एकाखाली एक आकडे होते, महिन्याला एक. दोनशे चौदा. एकशे शहाण्णव. एकशे ऐंशी. एकशे एकसष्ट. सगळ्यांत खाली या महिन्याचा, एकशे अडतीस. ना फेरी, ना मिनिट, ना सेकंद. मधल्या एकदोन महिन्यांत धाकट्याने कंटाळून धावणे सोडले होते, तिथे आकडा वर गेला होता, आणि दादाने त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. लगेच पुढच्या महिन्यापासून तो पुन्हा खाली. धाकट्याला आठवले, त्याच सुमारास दादा ताट अर्धे टाकू लागला होता, आणि म्हणाला होता, मलाच शिकवता येत नाही.

दादाने हात लांब करून वही मिटली.

टीव्हीत कुणीतरी जिंकले. त्याने गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावले. दोघांनी ते पाहिले.

"दादा," धाकटा म्हणाला, "ते घड्याळ... दुकानात नेऊ का? एकदा उघडून साफ करतो."

दादाने पांघरुणाखालून स्टॉपवॉच काढले. कानाशी धरले. बराच वेळ ऐकत राहिला, जुन्या माणसाचे बोलणे ऐकावे तसा.

"बरं चाललंय," तो म्हणाला. "हात नको लावूस."

मग त्याने खटका दाबून काटे शून्यावर आणले आणि चावी दिली.

"बूट घाल. आजच्या चार फेऱ्या राहिल्यात."

धाकट्याने बूट घातले. बंद बांधताना त्याने गाठ एकदा सोडली आणि परत बांधली. जिना उतरून तो रस्त्यावर आला, गोदामाची भिंत उजव्या हाताला घेतली आणि खिडकीखाली उभा राहून हात वर केला. फाटक गेले. वजनकाट्याची केबिन गेली. तीन पायांचा घोडा जिथे होता तिथेच होता. त्याने आज मुद्दाम पाय ओढला, नळापाशी तर तो जवळजवळ चालतच गेला, एवढा की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने मागे वळून पाहिले.

शेवटच्या वळणावरून तो खिडकीखाली आला.

"सहा चौदा," वरून आवाज आला. "खांदे सोड."

धाकट्याने खांदे सोडले.